इझेनहाइमची वेदी व तिच्यावरील क्रूसाचें चित्र

गेल्या वर्षीं उपवासकाळांत आमच्या शाळेच्या वाचनालयांत एका जुन्या जर्मन चित्राची मोठी छापील प्रत लावण्यांत आली. चित्राचा विषय प्रभु येशू ख्रिस्ताचें क्रूसावरील मरण. प्रत लागून चार दिवस झाले नाहींत तोंच एका सुविद्य पालकांचें पत्र आलें. पत्राची भाषा सौम्य होती, पण प्रश्न सरळ होता. हें चित्र पाहून आपला मुलगा रात्रीं दचकून उठला. ज्यास आपण ईश्वराचा अवतार समजतां त्याचें इतकें विद्रूप, व्रणांनीं भरलेलें शरीर कोंवळ्या मुलांच्या दृष्टीसमोर ठेवण्यांत शाळेचा हेतु काय, असें त्यांनीं विचारिलें होतें. देवाची मूर्ति प्रसन्न असावी, तिच्या दर्शनानें मन निवावें, असा आपल्या घरचा संस्कार असल्याचेंही त्यांनीं लिहिलें होतें.

त्या पत्राचें उत्तर आम्हीं तेव्हांच धाडिलें. परंतु तें आम्हांसच तोकडें वाटलें. प्रश्न एका घरचा नव्हता, पुष्कळांच्या मनांतला होता. म्हणून तें चित्र कोठलें, तें कोणासाठीं काढिलें, व चित्रकारानें तें असें कां काढिलें, हें येथें जरा सविस्तर सांगावयाचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. क्रूसावरील ख्रिस्ताचें चित्र काढण्यास ख्रिस्ती लोकांनाही प्रारंभीं धीर झाला नाहीं. रोमन राज्यांत क्रूसावरील मरण ही गुलामांची व बंडखोरांची शिक्षा होती. फांशीच्या खांबाचें चित्र देवघरांत कोण लावील? रोम शहराखालील भुयारी दफनभूमींत पहिल्या ख्रिस्ती लोकांनीं काढिलेलीं चित्रें आहेत, त्यांत खांद्यावर मेंढरूं घेतलेला मेंढपाळ आहे, मासा आहे, नांगर आहे. मरणाचें चित्र मात्र नाहीं. या प्रसंगाचीं अगदीं जुनीं जीं चित्रें आज उपलब्ध आहेत त्यांपैकीं एक रोममधील सांता साबिना या देवळाच्या लांकडी दारावर कोरलेलें आहे. तें सुमारें इ. स. ४३० नंतरच्या कांहीं वर्षांतलें समजतात. तेथें ख्रिस्त दोन्ही हात पसरून, डोळे उघडे ठेवून उभा आहे. हात प्रार्थनेसाठीं पसरावे तसे पसरले आहेत. वेदनेचा लवलेश नाहीं. पुढें कित्येक शतकें हाच प्रघात राहिला. क्रूसावर असला तरी तो राजाच, मृत्यूला जिंकणारा, असें दाखवीत. आमच्या पालकांस जी प्रसन्न मूर्ति हवी होती ती ख्रिस्ती कलेंतही सुमारें आठशें वर्षें पूज्य होती, हें त्यांस कळविण्याचें आम्हीं त्या उत्तरांत विसरलों.

तेराव्या शतकांत हा प्रघात पालटला. आसीसीचा संत फ्रान्सिस १२२६ सालीं वारला; त्याच्या अनुयायांनीं गांवोगांवीं फिरून ख्रिस्ताच्या माणूसपणाचा, त्याच्या भुकेचा, थकव्याचा व दुःखाचा उपदेश केला. त्या सुमारास इटलींतील चित्रांत ख्रिस्ताचे डोळे मिटले, मान खांद्यावर कलली, व शरीराला बांक आला. मग सुमारें १३०५ सालीं जोत्तो नांवाच्या चित्रकारानें पादुआ शहरांतील एका लहानशा प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर ख्रिस्तचरित्र रंगविलें. त्यांत क्रूसावरून उतरविलेल्या पुत्राचें मस्तक मांडीवर घेऊन माता मरीया त्याच्या तोंडाकडे पाहत आहे, व वर आकाशांत लहान लहान देवदूत पक्ष्यांसारखे तडफडत रडत आहेत. चित्राच्या पुढल्या भागांत दोन बायका आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. त्यांचीं तोंडें दिसत नाहींत, नुसत्या वांकलेल्या पाठी दिसतात. शोक दाखविण्यास चेहराच लागतो असें नाहीं, हें त्या दोन पाठी पाहिल्यावर पटतें. चित्रकलेच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं त्या पाठींच्या रेषा एकदां उतरून पाहाव्या.

आतां आपल्या चित्राकडे वळूं.

फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवर आल्सास नांवाचा प्रांत आहे. तेथें कोलमार शहरापासून थोड्या अंतरावर इझेनहाइम हें गांव आहे. या गांवीं संत आंतोनी याच्या नांवानें चालणाऱ्या संन्यासी बंधूंचा एक मठ होता. मठाच्या मुख्य वेदीसाठीं सुमारें १५१२ ते १५१६ या वर्षांत हीं चित्रें काढण्यांत आलीं. चित्रकार ग्रुनेवाल्ड या नांवानें ओळखला जातो. गंमत अशी कीं, हें त्याचें नांवच नव्हे. त्याच्या मरणानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं, १६७५ सालीं, एका जर्मन लेखकानें आपल्या ग्रंथांत चुकून हें नांव घातलें व तेंच जगाच्या तोंडीं बसलें. त्याचें खरें नांव माथिस गोटहार्ट निटहार्ट असें होतें, हें विसाव्या शतकांतील संशोधकांनीं शोधून काढिलें. तो १५२८ सालीं हाले शहरीं वारला. ज्यानें इतकें मोठें काम केलें त्याचें नांवही लोकांनीं नीट जपून ठेविलें नाहीं. पण तो विषय निराळा.

वेदी म्हणजे येथें नुसता चौथरा समजूं नये. चौथऱ्यामागें लांकडाचें एक प्रचंड कपाट उभें असे, व त्याला दारांच्या जोड्या असत. या दारांवर आंतून बाहेरून चित्रें असत. नित्याच्या दिवशीं दारें मिटलेलीं, सणावारीं उघडलेलीं. इझेनहाइमच्या वेदीला अशा दोन जोड्या होत्या, म्हणजे तिचीं तीन रूपें होतीं. सर्व दारें मिटलीं असतां जें दिसे तें हें क्रूसाचें चित्र. तें सुमारें पावणेतीन मीटर उंच व तीन मीटरांहून थोडें अधिक रुंद आहे.

या चित्रांत आकाश काळें आहे. शुभवर्तमानांत दुपारपासून तीन वाजेपर्यंत अंधार पडल्याचें सांगितलें आहे, तोच हा अंधार. क्रूस ओबडधोबड, नीट न तासलेल्या लांकडांचा आहे, आणि आडवें लांकूड देहाच्या भारानें धनुष्यासारखें वांकलें आहे. ख्रिस्ताचा देह इतर माणसांहून बराच मोठा आहे. त्वचेवर हिरवट छटा आली आहे, ओठ निळे पडले आहेत, सर्वांगावर व्रण असून त्यांत कांटे रुतलेले आहेत. कंबरेचें वस्त्र फाटकें आहे. पाय एकावर एक ठेवून एकाच खिळ्यानें ठोकले आहेत. आणि हात! खिळ्यांच्या भोंवतीं बोटें वाळल्या फांद्यांसारखीं ताठ होऊन वर आकाशाकडे फांकलीं आहेत. आमच्या मतें या चित्रांत तोंडापेक्षां बोटेंच अधिक बोलतात.

डाव्या बाजूस तीन माणसें आहेत. माता मरीया पांढऱ्या शुभ्र वस्त्रांत, डोळे मिटून, मागें कोसळत आहे. तांबडीं वस्त्रें नेसलेला तरुण शिष्य योहान तिला एका हातानें सांवरीत आहे. त्यांच्या पुढें, गुडघे टेंकून, मग्दालीया मरीया आहे. ती आकारानें सर्वांत लहान, जवळ जवळ मुलीएवढी काढिली आहे. तिच्यापाशीं सुगंधी तेलाची बरणी आहे. तिनें दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंफून वर उचललीं आहेत. दुःखाचे हे तीन प्रकार पाहा. एकीचें दुःख इतकें मोठें कीं तिची शुद्धच गेली. दुसऱ्यास रडण्यास सवड नाहीं, कारण कोसळणाऱ्याला धरणें त्याच्या वांट्यास आलें. तिसरीचें दुःख ओरडून बाहेर पडत आहे. ज्या घरांत मृत्यु येऊन गेला आहे त्या घरच्या मंडळींना हीं तीन माणसें ओळखूं येण्यास ख्रिस्ती असावें लागत नाहीं.

उजव्या बाजूस मात्र एक माणूस अगदीं शांत उभा आहे. तो बाप्तिस्मा देणारा योहान. शुभवर्तमान वाचलेल्या विद्यार्थ्यांस येथें शंका येईल, आणि ती यावीच. या योहानाचा शिरच्छेद ख्रिस्ताच्या मरणापूर्वींच झाला होता. मग तो क्रूसापाशीं कसा? चित्रकाराला ही गोष्ट ठाऊक नव्हती असें नाहीं. त्यानें त्यास मुद्दाम आणिलें आहे. त्याच्या एका हातांत उघडा ग्रंथ आहे, व दुसऱ्या हाताचें लांबच लांब बोट ख्रिस्ताकडे रोखलें आहे. बोटाच्या मागें लॅटिन अक्षरांत, येणारा वाढावा व आपण लहान व्हावें, अशा अर्थाचें त्याचेंच वचन लिहिलें आहे. त्याच्या पायांशीं एक कोंकरूं असून त्याच्या छातींतून निघालेलें रक्त पेल्यांत पडत आहे. डावीकडे सारा आकांत. उजवीकडे फक्त पाहा म्हणून दाखविणारें एक बोट. हा माणूस रडत नाहीं, यावरून त्यास दुःख नाहीं असें कोणी समजूं नये. तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या दृष्टीला पाण्यानें अंधारी येऊन चालत नाहीं.

एवढें वर्णन झालें, तरी पालकांचा प्रश्न अद्याप उभाच आहे. इतके व्रण कशाला? त्या काळीं इतर चित्रकारही क्रूसाचीं चित्रें काढीत. त्यांत रक्त असे, जखमा असत, पण असें किडल्यासारखें शरीर क्वचितच आढळतें. याचें उत्तर चित्रांत नाहीं, तें मठांत आहे.

संत आंतोनीच्या बंधूंचा मठ म्हणजे एक रुग्णालय होतें. त्या काळीं युरोपांत एका भयंकर रोगाच्या सांथी येत. रोग्याच्या हातापायांत आग पेटल्यासारखी वेदना होई. पुढें बोटें काळीं पडत, वाळत, आणि कधीं कधीं हातपाय सांध्यापासून गळून पडत. लोक या रोगास संत आंतोनीचा अग्नि म्हणत. कारण कोणास ठाऊक नव्हतें. तें सतराव्या शतकांत फ्रान्समधील विद्वानांस उमगलें. राय नांवाचें एक धान्य आहे, तेथील गरिबांची काळी भाकर त्याची होई. ओलसर हवेंत या धान्याच्या कणसांवर एक बुरशी पडते, व दाण्याच्या जागीं काळपट जांभळीं शिंगें उगवतात. तीं धान्याबरोबर दळलीं गेलीं कीं त्यांतील विषानें रक्तवाहिन्या आकुंचित होऊन अवयवांस रक्त मिळेनासें होतें.

आमचे जे विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत त्यांस ही गोष्ट अगदींच परकी वाटूं नये. आपल्याकडे बाजरीच्या कणसांवर जो अरगट पडतो तो याच बुरशीचा भाऊबंद आहे. प्रथम कणसावर मधासारखा चिकट थेंब येतो, मग दाण्याच्या जागीं काळसर गांठ होते. अशी बाजरी पोटांत गेल्यास ओकाऱ्या होतात व गुंगी येते. हातपाय मात्र झडत नाहींत. पेरणीपूर्वीं बाजरीचें बीं मिठाच्या पाण्यांत टाकून वर तरंगलेलें काढून टाकण्याची जी रीत आहे, ती याच दोषासाठीं. इझेनहाइमच्या रोग्यांस हा उपाय कोणी सांगितला नव्हता.

मठांत आल्यावर त्यांस चांगल्या धान्याची भाकर मिळे, आणि बहुधा तेंच त्यांचें खरें औषध ठरे, जरी तें देणाऱ्यांस हें ठाऊक नव्हतें. व्रणांवर डुकराच्या चरबींत वनस्पति घालून केलेलें मलम लावीत. जो अवयव सडला तो कापून टाकण्यावांचून गत्यंतर नसे.

असे रोगी उपचाराच्या आरंभीं वेदीसमोर आणीत, असें इतिहासकार सांगतात. आतां त्या रोग्याच्या डोळ्यांनीं हें चित्र पाहा. ज्यास गांवानें बाहेर काढिलें आहे, ज्याच्या अंगास दुर्गंधि येते, ज्याच्या बोटांकडे त्याच्या मुलांनाही पाहवत नाहीं, असा मनुष्य फरशीवर पडला आहे, व मान वर करून पाहतो तों समोर देव. आणि देवाची कातडी त्याच्याच कातडीसारखी, बोटें त्याच्याच बोटांसारखीं! प्रसन्न मूर्तीनें त्यास काय दिलें असतें? सुंदर, निरोगी देव पाहून त्यास कदाचित् एवढेंच वाटलें असतें कीं हा देव दुसऱ्या कोणाचा आहे. हें चित्र पाहून त्याची वेदना कमी झाली असेल असें आम्ही म्हणत नाहीं. पण आपण टाकलेले आहों, ही जी वेदनेवरची वेदना, ती तरी कांहीं वेळ सुटली असेल.

साहित्यशास्त्रांत रस शिकवितांना करुणाचा स्थायीभाव शोक व बीभत्साचा जुगुप्सा असें आम्ही सांगतों, आणि हे दोन रस एका ठिकाणीं आले कीं करुणाची हानि होते असेंही पुष्कळदां म्हणतात. या चित्रकारानें तो धोका पत्करला. पाहणाऱ्यास प्रथम किळस येते, यांत संशय नाहीं. परंतु किळस येऊनही जो तेथून हलत नाहीं त्यास हळूहळू लाज वाटूं लागते, व लाजेच्या मागून करुणा येते. आपल्याकडे नरसिंहाची मूर्तिही भयंकर असते. पण तेथें जें भय वाटतें तें देवाच्या कोपाचें. येथें देव कोपलेला नाहीं, तो सोसतो आहे. म्हणून हा अनुभव आपल्या मुलांस नवा वाटतो.

वेदीखालच्या आडव्या फळीवर ख्रिस्ताचा देह थडग्यांत ठेवितांनाचें चित्र आहे. ही फळी मधोमध उघडे, आणि ती उघडली कीं देहाचे पाय धडापासून वेगळे होत. वरचीं मोठीं दारें उघडतांनाही एक बाहु शरीरापासून तुटल्यासारखा दिसे, कारण क्रूस बरोबर मध्यावर काढलेला नाहीं. ज्यांचे स्वतःचे हातपाय कापले होते त्यांच्यासाठीं ही योजना होती, असें कांहीं विद्वान म्हणतात. चित्रकाराच्या मनांत तें होतें कीं नव्हतें, हें आज कोणी शपथेवर सांगूं शकणार नाहीं; पण पाय गमावलेल्या रोग्यानें तें पाहिलें असेल, व पाहिल्यावर त्यास काय वाटलें असेल, याची कल्पना करवते.

आणि दारें उघडल्यावर? हें आमच्या पालकांस पत्रांत लिहावयाचें राहून गेलें, कारण आमच्या वाचनालयांत फक्त मिटलेल्या दारांचें चित्र आहे. दारें उघडलीं कीं अंधार नाहींसा होतो. एका बाजूस देवदूत मरीयेस निरोप सांगत आहे. मध्यें देवदूत वाद्यें वाजवीत आहेत व माता फाटक्या वस्त्रांत गुंडाळलेल्या बाळाला घेऊन बसली आहे. आणि शेवटीं पुनरुत्थान. थडग्यांतून ख्रिस्त वर उठत आहे, त्याच्या मागें सूर्यबिंबासारखें तांबडें पिंवळें तेज आहे, व त्याची कातडी दुधासारखी निर्मळ आहे. एकही व्रण नाहीं. फक्त खिळ्यांच्या व भाल्याच्या खुणा उरल्या आहेत आणि त्यांतूनही प्रकाश निघत आहे. बाळ ज्यांत गुंडाळलें आहे तें फाटकें वस्त्र आणि क्रूसावरचें कंबरेचें फाटकें वस्त्र हीं सारखीं दिसतात, हें ज्यानें प्रथम पाहिलें त्याच्या दृष्टीचें आम्हांस कौतुक वाटतें.

याहून आंतलीं दारें उघडलीं म्हणजे संत आंतोनीची लांकडी मूर्ति दिसते, व शेजारीं त्यास छळणाऱ्या भुतांचें चित्र. त्याच्या खालच्या कोपऱ्यांत फुगलेल्या पोटाचा, फोडांनीं भरलेला एक जीव पडला आहे. तो रोगीच होय, असें बहुतेकांचें मत आहे. म्हणजे चित्रकारानें रोग्यांस जवळून पाहिलें होतें.

पुढें फ्रान्समधील राज्यक्रांतीच्या काळांत मठ मोडला, व हीं चित्रें कोलमारला हलविण्यांत आलीं. १८५३ सालापासून तेथील उंटरलिंडन संग्रहालयांत तीं आहेत. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, तीं म्यूनिक येथें नेलीं होतीं. तेथें तीं पाहण्यास लोकांची रीघ लागली. त्यांत युद्धांत जखमी झालेले सैनिकही होते. १९१९ सालीं चित्रें परत गेलीं. संग्रहालयांत आतां दारांच्या जोड्या सुट्या करून एकामागें एक उभ्या केल्या आहेत, त्यामुळें पाहणारा त्यांच्याभोंवतीं फिरून तिन्ही रूपें एकाच दिवशीं पाहूं शकतो. सोय झाली खरी. पण मिटलेल्या दारांपुढें सणाची वाट पाहणें गेलें.

आतां वाचनालयांतील आमच्या प्रतीविषयीं. पत्र आलें त्याच आठवड्यांत इयत्ता सहावींतील एका विद्यार्थ्याची आई फीविषयीं विचारण्यास आली होती. कारकून येईपर्यंत ती वाचनालयांत थांबली. ती ख्रिस्ती नव्हे, व चित्र कोणाचें हेंही तिनें विचारिलें नाहीं. बराच वेळ पाहून ती आम्हांस म्हणाली, "शेवटच्या दिवसांत आमच्या घरच्यांचीं बोटें अशींच झालीं होतीं, गुरुजी. मी तीं धरून बसत असें." एवढें बोलून ती पदर सांवरून कचेरीकडे गेली.

ज्या पालकांनीं पत्र लिहिलें त्यांचें म्हणणें आम्हीं टाकून दिलेलें नाहीं. लहान मुलांस रात्रीं भीति वाटत असेल तर ती खरीच आहे, व तीवर विद्वत्तेचा लेख हें औषध नव्हे. म्हणून प्रत प्राथमिक वर्गांच्या वाटेवरून हलवून मोठ्या मुलांच्या अभ्यासिकेंत लाविली आहे. पुनरुत्थानाच्या चित्राचीही त्याच आकाराची प्रत मागविली आहे. ती आली म्हणजे दोन्ही प्रती बिजागऱ्यांच्या एकाच चौकटींत बसवून देण्याचें चित्रकलेच्या शिक्षकांनीं कबूल केलें आहे. चौकट उघडण्यामिटण्याचें काम विद्यार्थ्यांकडे राहील.